जमिनीला न टेकणारी गाडी

त्या गाडीला चाकं नव्हती. रणगाड्याला असतात तसे पट्टेही नव्हते. ती जमिनीपासून हातभर वर तरंगायची, खालून निळसर उजेड पडायचा आणि पुढे सरकली की दोन्ही बाजूंनी धूळ उडायची. वर तोफ होती. आत एकच माणूस बसतो हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून कळायचं. चित्रात त्याचं हेल्मेट तेवढं दिसायचं, तोंड दिसायचं नाही. खेळ परग्रहावरच्या लढाईचा होता. कोण कोणाशी लढतंय आणि कशासाठी, हे सुरुवातीला इंग्रजीत बराच वेळ सांगायचे, पण ते आम्ही बटण दाबून पुढे ढकलायचो. आम्ही लातूरला अकरावी-बारावी करायला आलेली पोरं. वेळ वाया घालवून चालणार नव्हतं.

लातूरमध्ये तेव्हा नवीन क्लास निघाला नाही असा आठवडा जायचा नाही. आमचं फिजिक्स एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं, केमिस्ट्री मंगल कार्यालयात आणि गणित पेंडीच्या जुन्या गोदामात. लग्नसराईत केमिस्ट्री बंद असायची. गोदामातली पेंड गेली होती, वास राहिला होता. आजही इंटिग्रेशन म्हटलं की मला सरकी आठवते. चौकाचौकात मागच्या वर्षीच्या हुशार पोरांचे फोटो लावलेले असायचे आणि घरून कोणी भेटायला आलं की ते फोटो आमच्याशेजारी उभं राहून बघायचं. मग आमच्याकडे बघायचं.

रविवारी सकाळी परीक्षा असायची. ती झाली की आम्ही घड्याळाच्या दुकानात जायचो. पुढच्या अर्ध्या भागात एक म्हातारे चाचा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे. मागच्या अर्ध्या भागात, पडद्याआड, त्यांच्या मुलानं कॉम्प्युटर मांडले होते आणि एकमेकांना वायरीनं जोडले होते. मुलाला सगळे भाई म्हणायचे. बापाकडं वेळ दुरुस्त करायची आणि लेकाकडं वाया घालवायची, असं आमच्यातलं एक पोरगं म्हणायचं. चाचांना ते ऐकू जायचं आणि आवडायचंही.

खेळात बाकीची पोरं जाड चिलखताचे रणगाडे करायची. मी कायम ती तरंगती गाडी करायचो. खरं सांगायचं तर ती फार कामाची नव्हती. चिलखत पातळ, तोफ बेताची. चार गोळे लागले की संपली. पण चिखल, पाणी, खड्डा, पेरलेले सुरुंग, कशाचंच तिला काही वाटायचं नाही. खाली काय आहे याच्याशी तिचा संबंधच नव्हता. मला ती फार आवडायची. का आवडते असं कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

त्या खेळात एक भूकंपाचं यंत्र होतं. ते चालवलं की समोरच्याच्या मुलखातली जमीन हालायची, इमारती बसायच्या, रणगाडे भेगांमध्ये जायचे. बाकी कुठल्या गावात पोरांनी ते आनंदानं चालवलं असेल. आमच्या दुकानात ते बंद होतं. झालं असं होतं की पहिल्या-पहिल्यांदा कोणीतरी ते चालवलं, तेव्हा आमच्याच भागातलं एक पोरगं माउस ठेवून उठलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलं. खेळ अर्धाच राहिला. भाईनं बाहेर डोकावून बघितलं, आत आला आणि म्हणाला, "ये जलजला अपने इधर नको रे बाबा." तेव्हापासून तो नियम झाला. भूकंपाच्या पट्ट्यातलं एक जरी पोरगं खेळायला बसलेलं असलं तरी भूकंप बंद. आणि आमच्यातलं एक तरी पोरगं कायम बसलेलं असायचं, त्यामुळे भूकंप कायमचाच बंद होता. उदगीरची पोरं पट्ट्याबाहेरची, ती कुरकुरायची, पण पाळायची.

आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होतो. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. घर दगड-मातीचं, वर मातीचं माळवद. माय आणि मी ओसरीला होतो, आम्हाला शेजाऱ्यांनी काढलं. काढलं तेव्हाही मी झोपेतच होतो असं सांगतात, मला काही आठवत नाही. माझी थोरली बहीण आत भिंतीकडेला झोपली होती. तिला दुपारी काढलं. वडील एसटीत ड्रायव्हर, त्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर होते. ते सकाळी गाडी घेऊन निघाले, रस्ता होता तिथपर्यंत गाडीनं आले आणि पुढे चालत आले.

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी. ती एखाद्या आडगावाला जाते, रात्री तिथंच थांबते आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. डास असतात, कुत्री असतात, पाणी मागून आणावं लागतं. ही ड्यूटी कोणालाच नको असते. भूकंपानंतर माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ती ड्यूटी मागून घ्यायला लागले. स्वतःची झाली की दुसऱ्याची घ्यायचे. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची बायको बाळंत झाली, की त्याचा मुक्काम दादांकडं. डेपोत त्यांच्याइतका लाडका माणूस दुसरा नव्हता.

घरी मात्र ते झोपत नसत. सरकारनं नवीन गावात पक्कं घर दिलं होतं, स्लॅबचं, भूकंपाला दाद न देणारं. नवीन गावातल्या सगळ्यांनी त्या घरांत आधी सोयाबीनची पोती ठेवली आणि स्वतः बाहेर पत्र्याच्या शेडात राहिले. सोयाबीन अतिशय सुरक्षित होतं. हळूहळू लोक आत गेले. माझी दहावी झाली त्या वर्षी मायही आत झोपायला लागली. दादा गेले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते अंगणात बैलगाडीत वळकटी टाकायचे. बैलगाडी शेताच्या कामाला गेली असली तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. खाली चाक असल्याशिवाय माणूस झोपत नाही म्हणून गावात त्यांचं नाव झालं होतं. सगळ्यांना वाटायचं, दादा स्लॅबला भितात. काहींना दुसरंही वाटायचं. मुक्कामाच्या गावात ह्यांचं काहीतरी आहे, अशी कुजबुज एकदा मायच्या कानावर आली. माय ज्वारी पाखडत होती.

"असतं तर बरं झालं असतं," माय म्हणाली. "घरात तरी झोपला असता मानूस. तिच्या का हुईना."

हे ती हसत म्हणाली, पण मला तिचं खरं म्हणणं माहीत होतं. तिला जगात दुसरं काही नको होतं. नवरा एक रात्र तरी घरात झोपावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी तिनं देवाला नारळ बोलला होता, डेपोतल्या साहेबाला भेटायला गेली होती आणि एकदा बैलगाडीचं चाक स्वतःच्या हातानं काढून ठेवलं होतं. त्या रात्री दादा डेपोत जाऊन उभ्या गाडीत झोपले.

एका रविवारी दादांची लातूर फेरी होती. मायनं दिलेला डबा घेऊन ते माझ्या खोलीवर गेले, तिथून कोणीतरी त्यांना घड्याळाच्या दुकानाकडं पाठवलं. पडदा बाजूला झाला आणि खाकी कपड्यात दादा उभे दिसले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस, बस. काय चाललंय ते चालू दे." भाईनं त्यांना स्टूल दिलं. परीक्षा झाल्यावर इथं येतो हे मी घरी सांगितलेलंच होतं, त्यामुळे लपवायचं काही नव्हतं. दादांनी डबा मांडीवर घेतला आणि पडद्यावर बघायला लागले. माझ्या तरंगत्या गाड्या एका ओढ्यावरून चालल्या होत्या.

"ह्याला टायर कुठं हायेत?"

"न्हाईत, दादा. तरंगतीय ती."

"मग ब्रेक कशाला लागतोय?"

"ब्रेक बी न्हाई. आपण थांबवली की थांबती."

दादांनी यावर विचार केला. "उतारावर?"

"इथं उतारच न्हाईत."

"मग चालंल," दादा म्हणाले. शेजारच्या पोराला हसू आलं, पण दादा अगदी गंभीर होते. आयुष्यभर निलंग्याचे रस्ते बघितलेल्या माणसाला ती गाडी मनापासून पटली होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की आत कंडक्टर असतो का. नसतो म्हटल्यावर, मग तिकिटं कोण फाडतं असं काही त्यांनी विचारलं नाही. एवढं त्यांना कळत होतं.

त्या दिवशी समोरच्या बाजूनं एक नवीन पोरगा खेळत होता. अर्धापूरचा, घरची केळीची बाग. नांदेडला क्लास असताना लातूरलाच पाहिजे म्हणून बापानं त्याला इकडं आणून टाकलं होतं. त्याला आठवडाच झाला होता आणि दुकानातला नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितला असेल. पोरगा हुशार होता. त्यानं गुपचूप भूकंपाचं यंत्र बांधलं होतं आणि आता ते माझ्या मुलखावर चालवलं.

कॉम्प्युटरचा पडदा थरथरला. माझ्या इमारती एकेक करून खाली बसल्या. बराकी, कारखाना, जेवढं बांधलं होतं तेवढं सगळं. रणगाडे करण्याची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी दोन केले होते, तेही भेगेत गेले. सगळीकडे धूळ झाली. धूळ बसली तेव्हा एका तरंगत्या गाडीशिवाय काही उरलं नव्हतं. ती होती तिथंच, हातभर वर, निळा उजेड पाडत उभी होती.

पलीकडं चाचांची घड्याळं ऐकू येत होती. भाई पडद्याआडून आला आणि त्यानं विचारलं, "कौन किया रे?" अर्धापूरचं पोरगं उभं राहिलं. आपण जिंकलोय की चुकलोय हे त्याला समजत नव्हतं. मी दादांकडं बघितलं. त्यांचा एक हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. टेबल अजिबात हालत नव्हतं.

"ही एकटीच कशी ऱ्हायली?" त्यांनी विचारलं.

"जमिनीला टेकत न्हाई ना, दादा. तिला हादरा लागत न्हाई."

"आतल्या मानसाला कळलं का?"

"काय?"

"खाली काय झालं ते."

मी म्हणालो, "न्हाई. त्याला काय कळणार? तो आपला बसलेला अस्तोय."

दादांनी डबा कीबोर्डवर ठेवला, टोपी घातली आणि बाहेर गेले. डब्याच्या वजनानं पडद्यावर कुठलंतरी अक्षर सारखं उमटायला लागलं. मी डबा उचलून भाईकडं दिला आणि त्यांच्या मागं गेलो.

ते कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे होते. मला बघून त्यांनी आणखी एक चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते समोरच्या भिंतीवरचे हुशार पोरांचे फोटो बघत होते. त्यांच्याकडंच बघत बोलायला लागले.

"त्या रातीला गाडी हालली. मला वाटलं, पोरं हलवायलीत. इसर्जन करून आलती, नाचत हुती पारापशी. दरसाल कोन तरी हलवतंयच गाडी, चेष्टा म्हून. मी आतनं वरडलो. शिवी बी दिली एक. मग थांबलं."

चहा आला. मी माझा हातात घेतला.

"थांबलं म्हून मी कूस बदलून झोपलो," दादा म्हणाले. "खाली स्प्रिंगचे पाटे अस्तेत गाडीला. तिला काय हुतंय? लई चांगली झोप लागली. सकाळी सरपंच उठवायला आला तवा उठलो."

मला वाटलं आता ते थांबतील, पण थांबले नाहीत. "घरात झोपलो तर डोळा लागंल माझा. गाडीत लागत न्हाई. नुसता पडून ऱ्हातो. आता कवा हालली तर उठायचं हाय मला. ह्या बारीला उठायचं हाय."

म्हणजे इतकी वर्षं सगळ्या गावाला वाटत होतं की हा माणूस भिऊन गाडीत झोपायला जातो. तो झोपायला जातच नव्हता. तो जागायला जात होता. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती आणि हातात गरम चहा होता.

"मायला म्हाईत हाय?" मी विचारलं.

"न्हाई."

"सांगू?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला काय करायचं ते कर," ते म्हणाले. मग चहावाल्याला म्हणाले, साखर लई झालीय, आणि स्टँडकडं निघून गेले. निलंग्याची फेरी होती.

अर्धापूरच्या पोरानं पुढच्या रविवारी केळीचा अख्खा घड आणला आणि भूकंपाच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाला हातात दोन-दोन केळी दिली. त्याला कोणी काही सांगितलं असेल. आम्ही केळी खाल्ली. आम्ही त्याला काही बोललो नव्हतो, पण केळी चांगली होती. पुढं बारावीनंतर मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा तोच माझ्या खोलीत राहायला होता. दोघांच्याही घरच्यांना डॉक्टर पाहिजे होता.

दिवाळीला मी गावी गेलो आणि पहिल्याच दिवशी मायला सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, पारापाशी नाचणारी पोरं, शिवी, कूस बदलणं, सरपंच. ती मधे एकदाही थांबली नाही. खडे काढत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं." आणि मला वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मुक्काम संपवून आले. अंगणात अंघोळ केली, बैलगाडीच्या जुवावर टॉवेल वाळत घातला आणि शेडात जेवायला बसले. मायनं भाकरी वाढली. भाजी वाढली. मग ताटासमोर खाली बसली. ती असं कधी बसत नसे.

"पोरगी झोपंत गेली," माय म्हणाली. "हे पोरगं झोपंत हुतं. तुमी बी झोपंत हुता."

दादांचा घास हातात राहिला.

"जागी मी एकटी हुते. समदं मला एकटीला कळलं. तवापस्नं मी एकटीच जागीय. तुमी तिकडं कुठं जागता, मी हितं जागते. आता किती वर्सं जागायचं हाय मी एकटीनं? तेवढं सांगा."

हे ती आवाज न चढवता म्हणाली. बाजाराचा दिवस विचारावा तसं. मी शेडाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला कुठं बघावं समजेना. दादांनी हातातला घास खाल्ला. ताटातलं सगळं संपवलं, अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. हात धुतले. बैलगाडीपाशी गेले, वळकटी काढली आणि बगलेत धरून थोडा वेळ चाकाला हात लावून उभे राहिले. मग स्लॅबच्या घरात गेले. आत आधी सोयाबीनची पोती सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं घोरणं ऐकू आलं.

माय निवडायच्या डाळीचं सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली, आत पाठ आणि बाहेर तोंड करून. कोणी आलं तर त्याला बाहेरच थांबवायचं म्हणून. शेजारची बाई हळद मागायला आली तिला तिनं हातानंच परत पाठवलं. ऊन अंगणातून सरकत शेडापर्यंत गेलं. मी बैलगाडीत बसून फिजिक्सचं पुस्तक उघडलं होतं. एकदा मान वर करून बघितलं तर मायची मान चौकटीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं आणि मांडीवरच्या सुपातली डाळ एका बाजूला सांडायला लागली होती. मी हळूच जाऊन सूप उचलून घेतलं. तिला कळलं नाही.

आत दादा झोपले होते, दारात माय झोपली होती. जागा मी एकटाच होतो. पुस्तक मिटून मी अंगणात खाली बसलो आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून ठेवले. काही हाललं असतं तर मला आधी कळलं असतं.